को जागर्ति?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. रात्रीचे पावणेबारा झालेत, घरात निजानीज झाली आहे, उद्याची भाजी निवडून फ्रीजमध्ये आहे, दुधाचं पातेलं झाकलंय, गॅस दोनदा बघून झालाय. म्हणजे माझा दिवस आता सुरू होतोय :-)

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी रात्री जागते. का जागते हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. ऑफिसात मी "काम असतं हो" असं सांगते. सासरच्या मंडळींचा बरीच वर्षं समज होता की सूनबाई बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतात. तर आज एकदाचं सांगूनच टाकते. मी रात्री व्हिडिओ गेम खेळते. तेसुद्धा मोबाइलवरचे गोळ्या फोडायचे नव्हेत. तलवारी, जादू, ड्रॅगन, गुहा, राजवाडे असलेले, शंभर-शंभर तास चालणारे. वय वर्षं सेहेचाळीस. हसून घ्या.

हे खूळ मला दादाने लावलं. 2004 साली सांगलीच्या घरी त्याने सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडला होता. त्यावर तो 'मॉरोविंड' नावाचा गेम खेळायचा. 2002 साली आलेला. सुरुवातीला तुम्ही एक कैदी असता. तुम्हाला जहाजातून एका दलदलीच्या गावी आणून सोडतात, तुमचं नाव विचारतात, तुम्ही कोण, कोणत्या नक्षत्रावरचे, हे लिहून घेतात आणि म्हणतात, जा आता. बस्स. कुठे जायचं हे दाखवणारा बाण नाही की काही नाही. लोकांना विचारायचं, ते सांगणार की पूल ओलांड, मग डाव्या हाताच्या टेकडीला वळसा घाल. आपल्याकडे पत्ता सांगतात अगदी तस्सं! दादा नोकरीसाठी बंगलोरला गेला आणि कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आला. बाबा आतून ओरडायचे, "अगं, विजेचं बिल कोण भरणार?" आणि 2005 च्या लोडशेडिंगमध्ये तर ऐन लढाईत पडदा काळा व्हायचा. दोन तासांची मेहनत पाण्यात. वेळोवेळी सेव्ह करावं, हा धडा मी तेव्हा शिकले. आयुष्यात तो फारसा उपयोगी पडत नाही हे पुढे कळलं.

2006 मध्ये लग्न झालं, डोंबिवलीला आले. गेम सुटला, म्हणजे आठवणही राहिली नाही. पाच वाजता उठणं, डबे, सव्वासातची लोकल, ऑफिस, परतीची गर्दी, पोळ्या, मुलाचा अभ्यास, पुन्हा डबे. तक्रार नाही हं, सगळ्यांचं असंच असतं. पण 2018 मध्ये चिरंजीवांनी हट्टाने प्लेस्टेशन घ्यायला लावलं, आणि त्यांना फुटबॉलमध्येच रस. एका शनिवारी दुकानात मला 'स्कायरिम' दिसला. 'मॉरोविंड'च्याच मालिकेतला पुढचा खेळ, मूळचा 11 नोव्हेंबर 2011 चा. "मुलासाठी" म्हणून घेतला. (आई, मुलासाठी म्हणून घेतलेल्या किती गोष्टी आपण आपल्यासाठी घेतो ना?)

यातही सुरुवातीला तुम्ही कैदीच. हात बांधलेले, बैलगाडीसारख्या घोडागाडीतून वधस्तंभाकडे चाललेले. आणि मान उडवायच्या जरा आधी अधिकारी विचारतो, तू कोण? तेव्हा नाव टाकायचं असतं. त्या रात्री मी बराच वेळ त्या चौकटीकडे बघत बसले. मग माझं माहेरचं, पहिलं नाव टाकलं. लग्नात बदललं ते. बारा वर्षांत आई-बाबा आणि दादा सोडून त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. आता एका हिमप्रदेशातले सगळे लोक मला त्या नावाने ओळखणार होते.

तेव्हापासून रात्री साडेअकरा ते दीड ही वेळ माझी झाली. हॉलमधला टीव्ही, कंट्रोलरला लावलेला हेडफोन आणि अंधार. त्या जगात दिवस आपल्या बहात्तर मिनिटांचा असतो. म्हणजे एका बैठकीत दोन सूर्योदय बघून होतात. आकाशात चंद्र दोन. एक ड्रॅगन जगाचा नाश करायला निघालेला असतो, पण तुम्ही फुलं वेचत, फुलपाखरं पकडत महिनाभर हिंडलात तरी तो बिचारा थांबतो. माझ्या ओळखीत इतका समजूतदार दुसरा कोणी नाही. लग्नही करता येतं. लग्न झालं की जोडीदार दुकान चालवतो, नफ्यातला वाटा देतो आणि रोज एकदा स्वतः शिजवलेलं गरम जेवण हातात ठेवतो. हा काल्पनिक खेळ आहे हे इथे लक्षात येतं :-)

आणखी एक गंमत. मूळ खेळात झोपण्याची सक्ती नाही. पण आपल्या हक्काच्या बिछान्यात झोपून उठलं की पुढचे काही तास तुमची कौशल्यं दहा टक्के जास्त वेगाने वाढतात. मी त्या बाईला नेमाने आठ तास झोपवायची. आणि स्वतः साडेतीन तास झोपून सव्वासातची गाडी पकडायची.

परिणाम व्हायचे ते झाले. लेडीज डब्यात उभ्या उभ्या डुलक्या. दोनदा येताना डोंबिवली गेलं, कल्याणला उतरून उलटी गाडी धरली. चिडचिड वाढली. मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास झोप हवी आणि झोपायच्या वेळी डोळ्यांवर उजेड पडला तर झोप आणणारं मेलाटोनिन कमी होतं, हे मलाही माहीत होतं. पण खरं सांगू? मला झोप येत नव्हती असं नव्हतंच. झोपलं की लगेच सकाळ व्हायची. दिवसभरात एकही तास माझा झालेला नसताना दिवस संपवायला मन तयार व्हायचं नाही. हे ज्यांना कळेल त्यांना कळेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

सासूबाई जुलै 2022 मध्ये रात्री स्वयंपाकघरात पडल्या आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, त्या पाणी प्यायला उठल्या, ओल्या फरशीवर पाय घसरला, कोणाची झोप मोडू नये म्हणून त्यांनी हाक मारली नाही, आणि मला "सहज जाग आली" म्हणून मी गेले. मंडळींनी त्यांच्या सोशिकतेचं कौतुक केलं. आत्याबाईंनी तर माझंही केलं. वेळेवर गेलीस हो, म्हणाल्या.

तसं काही नव्हतं. आईंनी हाक मारली होती. एकदा नाही, चार-पाचदा. मी दहा पावलांवर हॉलमध्ये बसले होते, टक्क जागी, कानांवर हेडफोन लावून एका ड्रॅगनशी लढत. ह्यांच्या खोलीचं दार बंद, आत एसी. लढाई संपली, मी त्या ड्रॅगनची हाडं गोळा केली, पिशवीत भरली, आणि मग पाणी प्यायला म्हणून हेडफोन काढला. तेव्हा मला माझं नाव ऐकू आलं. सासरचं.

आई ओट्याला पाठ टेकून बसल्या होत्या. हात मांडीवर धरलेला, चेहरा पांढराफटक. घड्याळाकडे त्यांनी बघितलं होतं की नाही कोण जाणे, पण मी बघितलं. लढाई सुरू केली तेव्हा एक वीस झाले होते, आता एक पस्तीस. म्हणजे निदान दहा मिनिटं तरी. मागे हॉलमध्ये टीव्हीवर बर्फ पडत होता आणि तो त्यांना जिथे बसल्या होत्या तिथून नीट दिसत होता.

दवाखान्यात ह्यांनी विचारलं, "आई, तू हाक का नाही मारलीस?" मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "कशाला उगाच सगळ्यांची झोपमोड." माझ्याकडे बघितलंही नाही. आणि मी गप्प बसले. सहा आठवडे प्लास्टर होतं. मी त्यांची वेणी घालत होते, घास भरवत होते, येणारेजाणारे माझी वाखाणणी करत होते, आणि मी गप्प होते.

त्या दिवसांत मी प्लेस्टेशनची वायर काढून माळ्यावर टाकली होती. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत घातलंय, 1 जानेवारी 2022 पासून ती यादी लागू आहे. त्यातली लक्षणं मी स्वतःला लावून बघितली. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर. पहिली दोन मला लागू नव्हती. तिसऱ्यापाशी मी अडकले.

प्लास्टर निघाल्यावर एका रात्री आईंनीच विषय काढला. "तुझं ते घोड्यावरचं बंद केलंस का गं?"

मला वाटलं भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"दाराच्या फटीतून चार वर्षं निळा उजेड येतोय. मला काय वाटलं असेल, तू अभ्यास करत्येस?"

मग त्यांनी जे सांगितलं ते ह्यांनाही माहीत नव्हतं. लग्न होऊन त्या गिरगावच्या चाळीत आल्या ते 1968 साली. दोन खोल्या, नऊ माणसं. वाचनाचं वेड, पण दिवसा हातात पुस्तक दिसलं की सासूबाई भांडी काढून द्यायच्या. म्हणून रात्री सगळे झोपले की त्या गॅलरीत, टोकाच्या सार्वजनिक नळापाशी जाऊन बसायच्या. तिथे चाळीचा दिवा रात्रभर जळायचा, त्याचं बिल घरात येत नसे. नाथमाधवांची 'वीरधवल' त्यांनी तिथे बसून दोनदा वाचली. "पहाटे पाणी यायचं तेव्हा कळायचं की उजाडलं," म्हणाल्या. "डासांनी पाय फोडून काढायचे. पण त्या दोन तासांत मला कोणी काही मागायचं नाही."

मी तेव्हा रडले आणि माफी मागितली. त्यांनी "बरं बरं" म्हणून विषय संपवला. पण त्यांनी मला मोकळं सोडलं असंही नाही. जरा वेळाने म्हणाल्या, "मी हाका मारत होते तेव्हा मला भीती वाटली होती हो. तू जागी आहेस हे दिसत होतं, म्हणून जास्त वाटली." हे वाक्य माझ्याबरोबर राहणार आहे, आणि राहायलाच हवं.

वायर माळ्यावरून खाली आली, पण नियम बदलले. हेडफोन बंद. आवाज अगदी बारीक आणि खाली अक्षरं चालू. शुक्रवार-शनिवारच. साडेबाराचा गजर. स्वयंपाकघरात रात्रभर झीरोचा दिवा. नियम नेहमी पाळले जातात असं म्हणणार नाही, मागच्या शनिवारी दीड वाजला होता. पण कान मोकळे असतात.

आणि पुष्कळदा शेजारच्या खुर्चीत आई असतात. पायांवर शाल घेऊन. त्यांना मारामारी आवडत नाही. "त्या राक्षसाला राहू दे, ती निळी फुलं घे," म्हणतात. लोकांच्या घरात शिरून मी चांदीचं ताट उचललं की चिडतात. त्या खेळात ओझ्याला मर्यादा असते, तिच्यापलीकडे उचललं की पळता येत नाही, पाय ओढत चालावं लागतं. मी नेहमीच अशी चालत असते. "कशाला एवढं घेऊन फिरतेस? टाक की खाली थोडं," असं त्या दर वेळी म्हणतात. माझ्याच्याने टाकवत नाही.

परवा कोजागरीला गच्चीवर सोसायटीचं मसाला दूध झालं. लक्ष्मी रात्री फिरते आणि 'को जागर्ति' म्हणून विचारते, असं शेजारच्या छोटीला आई सांगत होत्या. छोटी म्हणाली, "आजी, तुमच्याकडे कोण जागं असतं?" आईंनी माझ्याकडे बघितलं आणि दुधाचा पेला तोंडाला लावला.

हे सगळं मी आईंना विचारून लिहिलंय. "लिही," म्हणाल्या, "पण आत्याबाई फोन करतील, तो तू घ्यायचास." घेईन. दोन वर्षांहून जास्त काळ मी जे कौतुक फुकट घेतलं, ते आत्याबाई, तुम्ही परत घ्या.

असो. हे लिहिता लिहिता साडेबारा वाजून गेले. आतून हाक आलीच.

"अगं, झोपलीस का?"

"नाही, आई. आले."