मोत्याचें मैदान

गेल्या दिवाळींत मांडवीच्या किनाऱ्यावर आमचा मोत्या साखळी तोडून एका लहानग्या मुलीच्या अंगावर धांवून गेला. चावला नाहीं, पण तिची किंकाळी अद्याप आमच्या कानांत आहे. दोष मोत्याचा नव्हे. साखळी झिजली होती, हें आम्हांस ठाऊक होतें.

तेव्हांपासून रत्नागिरींत कुत्र्यांकरितां निराळें मैदान असावें, असें आम्हांस वाटूं लागलें, व घरांतील मंडळींनीं त्याचा आराखडाही काढला. जांभ्याच्या चिऱ्यांचें छातीएवढें कुंपण. दारें दोन, एकामागें एक, म्हणजे एक उघडतांना दुसरें मिटलेलें राहील. लहान कुत्र्यांस आड भिंत. जमीन उतरती हवी, नाहीं तर आमच्याकडील पाऊस आषाढांतच तिचा चिखल करील. उघडा कातळ तर शेवाळून निसरडा व्हावयाचा. सावलीस एकदोन आंबे.

"आणि रस्त्यावरच्यांचें काय?" मातोश्रींनीं विचारलें. सर्वोच्च न्यायालयानें २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशांत प्रत्येक प्रभागांत भटक्या कुत्र्यांस अन्न घालण्याच्या जागा नेमण्यास सांगितलें आहे, तें आम्हीं त्यांस वाचून दाखविलें. मात्र ती जागा या मैदानास लागून नको. अन्नावरून कुत्र्यांत भांडणें जुंपतात.

मातोश्रींनीं सारें ऐकून घेतलें, आणि नेहमींप्रमाणें भाकरीचा तुकडा घेऊन त्या फाटकाशीं गेल्या.