पाव उजेडातले रोहित

भिगवणला रोहित म्हणजे फ्लेमिंगो पाहायला गेलो, तेव्हा माझ्याकडे ३०० मिलिमीटरची लेन्स होती. ६००ची परवडेना, म्हणून तिलाच दुपटीचा टेलिकन्व्हर्टर जोडला. झाली की ६००ची! पण फुकट काही मिळत नाही, बरं का! पक्षी दुप्पट मोठा दिसतो, पण लेन्समधून येणारा उजेड उरतो फक्त पाव. त्यात पहाटेची वेळ, डुलणारी होडी. सगळे फोटो पुसट!

नावाडी म्हणाला, "साहेब, अजून जवळ नेऊ?"

मोह झाला. पण थवा बिचकून, चरणं अर्धवट टाकून उडाला असता. "नको," म्हटलं आणि कन्व्हर्टर काढला. फोटोत रोहित छोटे आले, पण लख्ख! आता कन्व्हर्टर लावतो, तो भरपूर ऊन असेल तेव्हाच.

तुम्ही असता, तर काय केलं असतं?