गळूनही वाढणारं तेल

फोनवर ठेकेदार वैतागलेला होता. "भाईसाब, मोबिल टपकता भी है और बढ़ता भी है. मशीन में भूत है क्या?" धूर होता, ताकद गेली होती, आणि उभं केलं तिथे खाली काळं डबकं साचत होतं. मिस्त्री बरेच दाखवून झाले होते. सगळ्यांचं म्हणणं एकच, लाइनर-पिस्टन गेले, इंजिन खोलावं लागेल. असं म्हणणं सगळ्यात सोपं असतं. इंजिन खोललं की मिस्त्रीची मजुरी पक्की होते आणि दोष कुठे होता याचा पुरावा डिझेलच्या परातीत धुतला जातो.

मला मात्र त्याच्या तक्रारीतला 'बढ़ता है' हाच भाग महत्त्वाचा वाटला. गळणारं तेल कमी व्हायला हवं. ते वाढत असेल तर इंजिनच्या तळाशी, तेलाच्या चेंबरमध्ये, दुसरं काहीतरी येतंय, पाणी किंवा डिझेल.

संक्रांत होऊन गेली होती. घरात तिळगुळाच्या डब्याशेजारी मुरैन्याची गजकही होती, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत जानेवारीत दोन्ही लागतात. थोडी गजक बांधून घेतली आणि पहाटेच निघालो. मशीन रात्रभर बंद असताना, थंड असतानाच मला ते पाहायचं होतं. ठेकेदाराला बजावून ठेवलं होतं की मी येईपर्यंत सेल्फ मारायचा नाही. झाशी रस्त्यावर इतकं धुकं होतं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा एवढाच रस्ता. डबऱ्याच्या अलीकडे बिलौआ लागतं. काळ्या दगडाच्या खाणी, गिट्टीचे क्रशर, आणि त्या भुकटीने राखाडी झालेली झाडं.

मशीन होतं बीईएमएलचं जुनं डी-८० डोझर. ही कंपनी १९६४ सालची, तिचे डोझर कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावात बनतात. डी-८० चा आराखडा जपानच्या कोमात्सूचा. कोमात्सूने १९६१ मध्ये अमेरिकेतल्या कमिन्सशी करार केलेला, त्यामुळे या मशीनच्या पोटात कमिन्सचं एनएच जातीचं सहा सिलिंडरचं इंजिन. किर्लोस्कर-कमिन्स ही कंपनी १९६२ सालची, तिचा कारखाना पुण्यात कोथरूडला होता. ग्वाल्हेरहून मी विशीत तिथे गेलो तो याच इंजिनांवर हात काळे करायला. उत्तम इंजिन. फक्त ते बाकीच्या डिझेल इंजिनांसारखं समजून हाताळलं की घोटाळा होतो.

फरक इंजेक्टरचा आहे. नेहमीच्या इंजिनात पंप दाब तयार करतो आणि पोलादी नळ्यांतून तो नोझलपर्यंत जातो. एखादं सिलिंडर मिसिंग करत असेल तर मिस्त्री त्याच्या नळीचा नट सैल करून पाहतो. कमिन्सच्या पीटी पद्धतीत अशा नळ्याच नाहीत. पंप कमी दाबाने डिझेल पुरवतो, ते हेडमध्ये कोरलेल्या वाटांनी इंजेक्टरभोवती येतं, आणि खरा दाब देतो इंजेक्टरमधला प्लंजर. त्याला कॅमशाफ्ट, पुशरॉड आणि रॉकर खाली ढकलतात. म्हणजे इंजेक्टर बसलेला असतो तेलाच्या राज्यात, रॉकर कव्हरखाली, आणि त्याच्या अंगाभोवती डिझेल खेळत असतं. दोघांच्या मध्ये सीमा राखतात त्या रबराच्या ओ-रिंगा.

तेल मोजायची पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्या बरंच वर. बोटांत चोळलं तर चिकटपणा नाही, आणि वास स्पष्ट डिझेलचा. चेंबरचा प्लग जरासा ढिला केला. पाणी असतं तर रात्रभर तळाशी बसून आधी तेच आलं असतं, पण आलं ते पातळ काळं तेल. टिपकागदावर थेंब टाकला, तर काळ्या ठिपक्याभोवती फिकट कडं लांबवर पसरलं. काचेच्या तुकड्यावर हे तेल आणि डब्यातलं नवं १५डब्ल्यू-४० शेजारी शेजारी ओघळू दिलं. नवं अर्ध्यावर पोचायच्या आत जुनं काठावरून खाली. ठेकेदाराला हाच प्रयोग सगळ्यात पटला.

आता गळतीकडे. डोझरची गळती शोधताना जमिनीवरच्या डागावर विश्वास ठेवू नये. इंजिनखाली जाड पत्र्याचं बेली गार्ड असतं. तेल कुठूनही आलं तरी आधी त्यात साचतं आणि मशीन ज्या बाजूला कललेलं असेल तिकडच्या भोकातून बाहेर पडतं. त्यात या मशीनचा पंखा हवा पुढे, रेडिएटरकडे ढकलणारा. बारीक तेल उडून जाळीवर बसलेलं, त्यावर खाणीची भुकटी, असा गिलावाच झाला होता. त्यातून इंजिन तापायचं, तापलं की तेल आणखी पातळ. शिवाय बेली गार्डमधला तेलात भिजलेला पाला आणि चिंध्या एखाद्या दिवशी पेटायच्या, ते वेगळंच. आधी ते सगळं खरवडून काढायला लावलं. पोरं कुरकुरली, पण गजक वाटल्यावर कामाला लागली.

इंजिन डिझेलने धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि सांध्यांवर खडूची पूड मारली. पुढे फक्त पाहायचं होतं.

उस्तादने, म्हणजे ऑपरेटरने, सेल्फ मारला. बऱ्याच वेळाने इंजिन लागलं, पांढऱ्या धुराचा लोट सोडत आणि लंगडत. एग्झॉस्टच्या एकेका फाट्यावर पाण्याचे थेंब टाकत गेलो. चार ठिकाणी थेंब चर्रकन उडाले, मधल्या दोन फाट्यांवर नुसते ओघळले. तीन आणि चार नंबर नीट पेटत नव्हते. मग रॉकर कव्हरं उतरवून, मंद गतीवर, एकेका इंजेक्टरचा रॉकर पहारीसारख्या दांड्याने दाबून धरला. प्लंजर खालीच राहिला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही. चालू सिलिंडरला असं केलं की इंजिन खाली बसतं. एक, दोन, पाच, सहाला बसलं. तीन आणि चारला आवाज जेमतेम बदलला. लाइनर-पिस्टन झिजले असते तर एवढं नेमकं मधलंच जोडपं कसं झिजलं असतं? आणि त्या दोघांचं हेड एकच आहे. या इंजिनात दोन दोन सिलिंडरना एक हेड असतं.

खडूच्या पुडीवर तोपर्यंत रेघा उमटल्या होत्या. कव्हरांच्या पॅकिंगखाली, पुढच्या सीलशी, मागे फ्लायव्हील हाउसिंगच्या खालून, सगळीकडून थोडं थोडं. इतक्या जागा एकाच वेळी बिघडत नाहीत. सगळ्यांच्या मागे काहीतरी एक असतं. ब्रीदर चिखलाने बुजलेला होता, त्यामुळे आतला वायू कोंडून तेलाला बाहेर ढकलत होता. आणि तेल इतकं पातळ की जुन्या सीलनाही ते आवरेना.

पण सबंध इंजिनवर एक जागा मात्र पांढरीशुभ्र कोरडी राहिली होती. बाजूला कॅम फॉलोअरच्या तीन पेट्या असतात, त्यांतली मधली. तिच्या सांध्यातून शेलॅक बाहेर आलेलं आणि जाड पॅकिंगची कड डोकावत होती. जुन्या मशीनवर एखादा सांधा इतका चांगला दिसला की मला संशय येतो.

"उस्ताद, यह किसने खोला था?"

"पिछली बारिश में. यहीं से तो टपकता था, साहब. उस मिस्त्री ने बढ़िया बंद किया."

बंद खरंच चांगलं केलं होतं. पण या पेटीचं पॅकिंग नुसतं तेल अडवायला नसतं. त्याच्या जाडीवर फॉलोअर कॅमवर कुठे टेकतो हे ठरतं, आणि त्यावरून डिझेल केव्हा फवारायचं ते. म्हणून ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेल्या वेगवेगळ्या जाड्यांत मिळतं. त्या मिस्त्रीने बाजारातली जॉइंट शीट कापून बसवली होती, मूळ पॅकिंगपेक्षा कितीतरी जाड. गळती थांबली आणि तीन-चारचं टायमिंग गेलं. पेटी काढायची तर वरचे रॉकर आणि पुशरॉड काढावे लागतात. तेवढ्यात त्याने इंजेक्टरही उपसून पुसून परत ठेवले होते, जुन्याच ओ-रिंगांसकट. आम्ही चार नंबरचा काढला तेव्हा वरची रिंग एका जागी कापलेली आणि बाकीच्या प्लास्टिकसारख्या कडक. तिथून डिझेल रॉकरपाशी, तिथून चेंबरमध्ये. एक गळती बुजवली आणि तिने सगळीकडे पिल्लं घातली.

त्या मिस्त्रीला मी वेड्यात काढणार नाही. ट्रकवर असंच चालतं, आणि ट्रान्सपोर्ट नगरात तो ट्रकच शिकला असणार.

इंजेक्टर शहरात तपासून मिळेनात. हातपंपाच्या टेस्टरवर नेहमीची नोझल तपासतात, पीटीला त्याचा बेंच लागतो. सहाही नागपूरला पाठवले. तिकडे कोळशाच्या खाणी असल्याने ही कामं होतात. प्रत्येकाचा प्लंजर आणि बॅरल एकमेकांना घासून जुळवलेले असतात, अदलाबदल चालत नाही, म्हणून प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधून दिली. दरम्यान तेलाचा फिल्टर कापून घड्या उलगडल्या. बेअरिंगचा चुरा दिसला असता तर सगळा हिशेबच वेगळा झाला असता. काजळी होती, चमक नव्हती.

टायमिंग लावायला दोन डायल लागतात, एक पिस्टनची चाल मोजतो आणि दुसरा पुशरॉडची. पिस्टन वरच्या टोकापासून ०.२०३२ इंच खाली असताना पुशरॉडचा आकडा पाहायचा, आणि तो पुस्तकाशी जुळेपर्यंत पॅकिंग बदलत राहायचं. कंटाळवाणं काम आहे. ठेकेदार शेजारी खुर्ची टाकून बसला होता, दर वेळी विचारायचा, "अब हो गया?" अखेर जुळलं. नव्या ओ-रिंगांना तेल लावून इंजेक्टर बसवले, टॅपेट सेट केले, ब्रीदर धुतला, तेल आणि फिल्टर नवे.

इंजिन लागलं ते सहा पायांवर. सुरुवातीचा पांढरा धूर गरम होताच विरला, तेलाचा दाब गरम झाल्यावरही टिकला. खडूची पूड पुन्हा मारली होती, तीवर बहुतेक सांधे कोरडे राहिले. मागचं क्रँक सील मात्र अजून ओलं होतं. ते बदलायचं तर गिअरबॉक्स सोडवायला हवा, आणि दिवसाला पेलाभर तेलासाठी तेवढा खर्च करू नये असं माझं मत पडलं. ठेकेदाराने त्यावरून पैसे कापायचा प्रयत्न केला. "टपकना तो बंद हुआ नहीं."

मी उस्तादला पट्टीवरची खूण दाखवली. रोज सकाळी सेल्फच्या आधी पाहायचं आणि कॅबमध्ये खडूने लिहायचं. थोडं कमी होत असेल तर नवं टाकून काम चालू ठेव. एका केसाइतकंही वर चढलं तर त्या दिवशी मशीन लावू नकोस, मालक काहीही म्हणो. ठेकेदार ऐकत होता. त्याने पैसे पूर्ण दिले, पण अर्धे होळीनंतर.