पावली, डॉलर, पाच आणि वीस

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका मराठी घराच्या तळघरात शुक्रवारी रात्री पोकर चालतो. दिवाळीत हीच मंडळी तीन पत्ती खेळतात, एरवी टेक्सास होल्डेम. ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या बोली) 25 आणि 50 सेंटचे, बसताना प्रत्येकाने 50 डॉलर भरायचे. बँक यजमान सांभाळतो; मी बहुतेक वेळा त्याच्या शेजारी चिप्स मोजायला.

घरी चिप्स आणायचं ठरलं तेव्हा यजमानाने 500 चिप्सची तयार पेटी पसंत केली होती. पाच रंग, प्रत्येकी 100 चिप्स. आकडे 1, 5, 25, 100 आणि 500. फोटो बघताच त्याचा मेहुणा हसला. तो पूर्वी अटलांटिक सिटीत डीलर होता. ‘‘दाजी, 50 डॉलरच्या डावात ही 500ची जांभळी कोण टाकणार? आणि पावलीची, 25 सेंटची, चिप कुठाय?’’

मुद्दा बिनतोड होता. टुर्नामेंटमध्ये चिपवरचा आकडा म्हणजे नुसते गुण, ब्लाइंड वाढतील तशा लहान चिप्स काढून घेतात. कॅश गेममध्ये चिप म्हणजे रोकडच, आणि ब्लाइंड रात्रभर तेच. म्हणून सुरुवात लहान ब्लाइंडपासून करायची आणि पुढची प्रत्येक चिप आधीच्या चौपट किंवा पाचपट ठेवायची: पावली, 1, 5, 20. पन्नास सेंटची वेगळी चिप कुणीतरी सुचवली होती. दोन पावल्यांत भागतं, म्हणून ती बारगळली.

वाद रंगला तो 20 की 25 यावर. कॅसिनोतली हिरवी 25ची चिप सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेली. पण खिशातून निघते ती 20ची नोट. 25ची नोट अमेरिकेत नाहीच. शिवाय आमच्या टेबलावर ‘पंचवीस टाकले’ म्हटलं की सेंट की डॉलर, असा घोळ ठरलेला. मेहुण्याने आणखी एक पुरावा दिला: न्यू जर्सीच्या नियमांत 20 डॉलरच्या चिपलाही स्वतःचा रंग आहे, पिवळा. इतकंच काय, तिथे अडीच डॉलरची गुलाबी चिपही आहे, कारण ब्लॅकजॅकमध्ये 5 डॉलरला तीनास दोनने साडेसात द्यावे लागतात. चिप हिशेबातून जन्मते, शोभेतून नाही. वीस जिंकले.

आता किती घ्यायच्या? इथे बहुतेक जण पावल्यांचा ढीग करतात. खरं तर पावली फक्त ब्लाइंडपुरती. पहिल्या दोन-तीन बोल्यांनंतर सगळा व्यवहार डॉलरच्या चिपवर चालतो. म्हणून मागवल्या त्या अशा: 100 पावल्या, 200 एकच्या, 150 पाचच्या, 50 विसाच्या. बसताना हातात 12 पावल्या, 17 एकच्या, 6 पाचच्या, झाले 50. आठ जणांना 96 पावल्या पुरतात. हरून दुसऱ्यांदा पैसे भरणाऱ्याला थेट पाचच्या दहा द्यायच्या. सुट्टे टेबलावर असतातच, मागून घ्यायचे.

चिपवर आकडा छापावा की नुसता रंग ठेवावा, हेही निघालं. आकडा नसेल तर तीच पेटी उद्या मोठ्या डावाला चालते, हे खरं. पण पाहुणा आला की दर पाच मिनिटांनी ‘लाल केवढ्याची?’ सुरू होतं. आम्ही आकडे छापून घेतले.

हल्ली काही शुक्रवारी ब्लाइंड 1 आणि 2 डॉलरचे असतात. त्या दिवशी पावल्या पेटीतून निघतच नाहीत, विसाच्या मात्र मध्यरात्रीपर्यंत संपतात. यजमानाला आता 100ची काळी चिप हवी आहे. मेहुणा म्हणतो, विसाच्याच आणखी 50 घ्या, दाजी.