डग्गा कोठें गेला?

टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या माणसास ठोक्याचें नावीन्य नाहीं. दहीहंडीच्या दिवशीं खिडक्यांच्या काचा थरथरतात. आनंद दिघे यांनीं १९७८ सालीं सुरू केलेल्या नवरात्रोत्सवांत नऊ दिवस रस्ता माणसांनीं फुलून जातो. अशा ठिकाणीं राहून आम्हीं आणखी एक घुमणारी पेटी विकत आणली, हें ऐकून वाचक हंसतील.

त्यास कारण घडलें तें असें. आमचे तीर्थरूप तरुणपणीं तबला वाजवीत. आतां वय ८६. उतारवयांत कानांतून प्रथम उंच स्वर जातात, खालचे बहुधा मागें राहतात. दिवाणखान्यांतील दोन लहान स्पीकरांवर गाणें लावलें कीं ते म्हणत, "चाट ऐकूं येत नाहीं हें समजलें, पण डग्गा कोठें गेला रे?" खर्ज त्या स्पीकरांच्या आवांक्यांतच नव्हता.

म्हणून सबवूफर आणला, आणि हौसेच्या भरांत कोपऱ्यांत ठेवून आवाज चढविला. फडताळांतील भांडीं वाजूं लागलीं, खालच्या बिऱ्हाडाहून निरोप आला, व तीर्थरूप उठून आंत गेले. जातांना इतकेंच म्हणाले, "हंडी वर्षांतून एकदांच असते." त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

पुढचे आठ दिवस शिकण्यांत गेले. कोपऱ्यांत भिंती व जमीन मिळून खर्ज फुगवितात. ४० हर्ट्झच्या स्वरलहरीची लांबी सुमारें २८ फूट, म्हणजे आमच्या खोलीहून मोठी. त्यामुळें तो स्वर एका जागीं गर्जतो, तर दुसऱ्या जागीं नाहींसा होतो. उपाय असा कीं, पेटी ऐकणाराच्या खुर्चीच्या जागीं ठेवावी, आपण जमिनीवर रांगत खर्ज कोठें स्वच्छ ऐकूं येतो तें शोधावें, आणि पेटी तेथें न्यावी. आमचें रांगणें पाहून घरांतील मुलांची मोठी करमणूक झाली.

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवला व त्याखालचे स्वर लहान स्पीकरांकडे जाऊं दिले नाहींत. दोघांनीं एकच काम केलें कीं गलका होतो. ही मर्यादा बरीच वर नेली, तर आवाज पेटींतून येतो हें कानास कळूं लागतें. मग फेजचें बटण फिरविलें. एका बाजूस पडदे एकमेकांविरुद्ध हलून डग्गा क्षीण झाला, दुसऱ्या बाजूस भरून आला. शेवटीं आवाज इतका उतरविला कीं पेटी चालू आहे हें कळूं नये, पण बंद केली कीं मैफल पोरकी वाटावी.

खर्ज भिंतींतूनहि पार जातो. कायद्यानें लाऊडस्पीकरांस रात्रीं दहाची मर्यादा आहे. आम्हीं खालच्या बिऱ्हाडास आठचें वचन दिलें.

रविवारीं सकाळीं विलंबित ख्याल लावला. तीर्थरूप कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें त्यांचा डावा हात मांडीवर आला व मनगट हलकेंच सरकूं लागलें. मग कपाळास आठी घालून म्हणाले, "डग्गा जरासा उतरलेला आहे रे."