पाण्यातून वर काढल्यावर

दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी तोंडाच्या पेशी वाढवायचे, तेव्हा आमचा कच्चा माल यायचा अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियांमधून. दाढ काढताना हिरडीचा जो तुकडा टाकून देतात, तो मी लेखी संमती घेऊन मागायचे. एका काकांनी सही करताना विचारलं, "मॅडम, त्याचं करणार काय?" वाढवणार म्हटल्यावर म्हणाले, "वाढवा खुशाल, पण मला परत लावू नका म्हणजे झालं!"

लावायची वेळ इतरांवर येते. हिरडी सरकून दातांची मुळं उघडी पडली, की टाळूवरून पातळ पट्टी काढून तिथे शिवतात. रुग्ण हैराण होतो तो बहुतेकदा टाळूच्या जखमेने. शिवाय टाळूवरून काढून काढून काढणार तरी किती? म्हणून ही खटपट.

तुकडा डिस्पेज या एन्झाइममध्ये रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. सकाळी चिमट्याने धरलं, की वरचं अस्तर उकडलेल्या टोमॅटोच्या सालीसारखं अलगद सुटून येतं. माझ्या मते या कामातला सगळ्यात सुखाचा क्षण हाच. पुढे नुसती राखण. तोंड म्हणजे जंतूंचं माहेरघर. अँटिबायोटिकमध्ये कितीही धुवा, एखाद्या सकाळी गुलाबी माध्यम पिवळं, गढूळ दिसतं आणि फ्लास्क थेट ब्लीचमध्ये जातो. पावसाळ्यात बुरशीही हजर. पेशींना रविवार कळत नाही, त्यामुळे घरच्या लग्नकार्यांत मी कायम उशिरा पोचणारी.

आम्ही मिशिगन विद्यापीठातल्या स्टीफन फाइनबर्ग यांच्या गटाच्या पद्धतीवरून शिकत होतो. दात्याच्या त्वचेतल्या पेशी काढून टाकल्यावर उरलेल्या जाळीवर तोंडाच्या पेशी पेरायच्या. चार दिवस सगळं द्रवात बुडलेलं. मग जाळी उचलून अशी ठेवायची, की पोषण खालून मिळावं आणि वरून हवा लागावी. पुढचे सात दिवस पेशी थरावर थर चढवतात. रंगवलेल्या छेदात तळाशी दाटीने उभ्या, वर चपट्या होत गेलेल्या पेशी पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा आमच्या बाईंनी काही न बोलता मायक्रोस्कोपवरची माझी जागा घेतली.

पण हे अस्तर आपल्या रुग्णाच्या किती कामाचं? गुटख्याने तोंड उघडेनासं झालेले आमच्या ओपीडीत रोजचे. आतले ताठ पट्टे कापल्यावर उघडी जागा झाकायला सर्जन गालातलीच चरबी ओढून घेतात. तिच्यासोबत तिचा रक्तपुरवठा येतो, खर्च जवळजवळ नाही. आमच्या अस्तरात रक्तवाहिन्याच नसतात. जखमेतून नव्या येईपर्यंत ते कसंबसं तग धरतं. इथे चरबीच जिंकते, आणि जिंकावी.

डोळ्याचं गणित वेगळं. चुना किंवा रसायन उडून दोन्ही डोळ्यांच्या मूळपेशी जळाल्या, तर स्वतःचं असं घेणार कुठून? गालाच्या आतून. ओसाकाच्या निशिदांच्या गटाने 2004 मध्ये असे थर चार रुग्णांच्या डोळ्यांवर बसवल्याचं प्रसिद्ध केलं. पेशी वाढवायच्या त्यांच्या बशीचा पृष्ठभागच असा, की तापमान उतरवलं की थर अख्खा सुटतो, एन्झाइम लागत नाही. अशा उपचाराला जपानने 2021 मध्ये मान्यता दिली. हिरडीचं काम मी आता सोडलंय. सध्या सगळा वेळ गालाच्या पेशींचा थर पुरेसा पातळ आणि पारदर्शक ठेवण्यात जातो.