तीन सुलटे, तीन उलटे

दुसऱ्याचें सांत्वन करणें ही आमची जुनी फजितीची बाब आहे. तीस वर्षें आम्हीं महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य शिकविलें, शोकगीतांवर व्याख्यानें दिलीं. पण कोणाच्या घरीं दुःखाच्या प्रसंगीं जाऊन बसण्याची वेळ आली, कीं आमची जीभ टाळ्याला चिकटते. पत्र मात्र आम्हांला बरें लिहितां येतें. म्हणून तीन वर्षांपूर्वीं आमचे मेहुणे अमेरिकेंत वारले, तेव्हां ताईला आम्हीं प्रथम पाठविलें तें एक चार पानी पत्र. त्यांत काय नव्हतें? गीता होती, तुकोबा होते, आणि आमची भाषाशैली तर होतीच होती.

ताई कनेक्टिकट राज्यांत हार्टफर्ड शहराजवळ राहते. रजा मिळून आम्ही तिच्याकडे पोंचलों, तोंवर दीड महिना उलटून गेला होता. जानेवारीचे दिवस, अंगणांत घोट्यापर्यंत बर्फ. ताई खिडकीपाशीं बसली होती आणि तिच्या खांद्यांवर जांभळ्या लोकरीची एक रुंद शाल होती.

"ही कोठें घेतलीस?" आम्हीं विचारलें.

"घेतली नाहीं. शेजारणीच्या चर्चमधल्या बायकांनीं विणून दिली. विणतांना त्या प्रार्थना करतात म्हणे."

आम्ही मनांतून दचकलों. 'स्मृतिचित्रें' आमच्या घरांत आवडीनें वाचलें जाई. लक्ष्मीबाई टिळकांच्या भाषेला आम्ही सारे दाद देत असूं. पण तें पुस्तक झालें! आपल्या विधवा बहिणीच्या अंगावर चर्चची शाल पाहिली, कीं सुशिक्षित माणसाच्या पोटांतला जुना संशय जागा होतो. "आज शाल, उद्यां बायबल," आम्ही बोलून गेलों.

ताईनें मुकाट्यानें शालीबरोबर आलेली चिठ्ठी पुढें केली. जो कोणी ही शाल पांघरील त्याच्यासाठीं विणणारीनें प्रार्थना केली आहे, एवढाच तींत मजकूर होता. आणि खालीं, शाल यंत्रांत कशी धुवावी याच्या सूचना. दुसरें कांहीं नाहीं. मग ताई म्हणाली, "तुझें पत्र फार सुरेख होतें रे. दोनदां वाचलें. पण रात्रीं तीन वाजतां जाग येते, तेव्हां तें पांघरतां येत नाहीं."

प्राध्यापकाला टोला बसला, कीं तो माहिती काढूं लागतो. आम्हींहि काढली. ही प्रथा फार जुनी नाहीं, आणि ती उगवली तीहि ताईच्याच राज्यांत. हार्टफर्ड सेमिनरी या नांवानें तेव्हां ओळखल्या जाणाऱ्या संस्थेंत स्त्रियांसाठीं एक नेतृत्व-शिक्षणक्रम चाले. तो पुरा केलेल्या जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया गालो या दोघींनीं १९९८ सालीं प्रार्थना-शालींचें हें काम सुरू केलें. आजारी, शोकाकुल, बाळंतीण, नववधू अशा कोणालाहि शाल द्यावयाची, ती विनामूल्य. विणण्यापूर्वीं प्रार्थना, विणतांना प्रार्थना, आणि पुरी झाल्यावर पुष्कळ ठिकाणीं ती सर्वांच्या हातांतून फिरवून आशीर्वाद. पुढें अनेक पंथांच्या चर्चांनीं हें काम उचललें.

विणीची रीति तर आमच्यासारख्यालाहि समजावी अशी आहे. सुईवर ५७ टाके घालावयाचे. मग तीन सुलटे, तीन उलटे. ५७ म्हणजे तिनांचे १९ गट, आणि १९ ही विषम संख्या. त्यामुळें प्रत्येक ओळ तीन सुलट्यांनीं सुरू होते आणि तीन सुलट्यांनींच संपते. उजवी-डावी बाजू लक्षांत ठेवावयास नको; शेवटपर्यंत एकच घोष. ख्रिस्ती विणणारीला त्या तिनांत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा दिसतो. दुसरीला देह, मन आणि आत्मा. ताई म्हणाली, "बेलाचें पानहि तीन दळांचेंच कीं!"

संक्रांत जवळ आली होती. ताईनें तिळाच्या वड्या केल्या आणि त्यांचा डबा त्या बायकांकडे पोंचविण्याचें काम आमच्याकडे आलें. गुरुवारीं सायंकाळीं चर्चच्या तळघरांतल्या खोलींत आठ-दहा जणी वर्तुळांत बसल्या होत्या. आमचा धर्म कोणी विचारला नाहीं; वड्यांची कृति मात्र तिघींनीं विचारली. सर्वांत वृद्ध बाईच्या मांडीवर एक निळी शाल अर्धी झाली होती. ती कोणासाठीं, असें आम्हीं विचारलें. "अजून ठाऊक नाहीं," त्या म्हणाल्या, "ज्याच्यावर आधीं वेळ येईल त्याच्यासाठीं."

परततांना तें उत्तर आमच्या मनांतून जाईना. आमचें पत्र दुःखाच्या मागून धांवत निघालें होतें. ही बाई दुःखाच्या आधींच कामाला बसली होती. ताईच्या शालीचे पहिले टाके कोणी घातले असतील, तेव्हां आमचे मेहुणे कदाचित् धडधाकट असतील, अंगणांतलीं पानें ओढीत असतील. आणि इकडे एक अनोळखी स्त्री ताईच्या वैधव्याची तरतूद करीत असेल.

बायबलांत प्रेषितांच्या कृत्यांत टबीथेची कथा आहे. ती वारली आणि पेत्र आला, तेव्हां विधवा रडत रडत तिनें शिवलेलीं वस्त्रें त्याला दाखवूं लागल्या. ही कथा आम्हीं वर्गांत संदर्भ म्हणून अनेकदां सांगितली होती. त्या विधवांनीं तिचे शब्द कां सांगितले नाहींत, वस्त्रेंच कां दाखविलीं, हें मात्र त्या रात्रीं प्रथम उमगलें. आमच्या आईनेंहि आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती. ती शिवतांना ती कधीं रडल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं; धांवदोरा मात्र दोन महिने चालला होता.

प्रार्थनेनें लोकर अधिक ऊबदार होते, असें म्हणावयास आमची बुद्धि अजूनहि तयार नाहीं. पण आमची शंका ताईला सांगतांच तिनें शालीचा एक कोपरा उलगडून दाखविला. एका ओळींत तिनांच्या जागीं चार सुलटे पडले होते. "इथें तिचें लक्ष उडालें बघ," ताई म्हणाली. "दाराशीं कोणी आलें असेल, नाहींतर तिलाहि कांहीं आठवलें असेल. पण उसवलें नाहीं, पुढें विणत गेली. मला रात्रीं हा कोपरा बरोबर सांपडतो."

आतां ताई स्वतः गुरुवारीं तेथें जाते. त्या त्यांची प्रार्थना म्हणतात, ती मनांत रामरक्षा म्हणते. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही पुन्हां तिच्याकडे गेलों होतों. विणणें आम्हांला कांहीं साधलें नाहीं. संध्याकाळीं दोन्ही हात पुढें करून, त्यांवर लोकरीची लडी धरून आम्ही बसत असूं, आणि ताई समोर बसून गुंडा करी. त्या अवधींत आम्हांला बोलण्याची आवश्यकता भासली नाहीं.